ऑफिसचा अ‍ॅक्सेस डेटाबेस वारंवार बिघडतोय? फाइलला हात लावण्याआधी हे वाचा

पतसंस्था, शाळेचं कार्यालय, गृहनिर्माण सोसायटी, खतं-बियाण्यांचं दुकान. अशा ठिकाणी पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये प्रोग्राम करून दिलेला असतो. करून देणारा कधीच दुसरीकडे निघून गेलेला असतो, प्रोग्राम मात्र रोज चालतो. मग एके सकाळी फोन येतो, "सर, काल संध्याकाळपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. आज खातंच उघडत नाही." सांगली-कोल्हापूर भागात हाच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय, की काय आधी बघायचं आणि काय नंतर, याचा क्रम आता ठरून गेलाय. तो इथे लिहून ठेवतोय.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी नवी नोंद करणं लगेच थांबवा.

- फाइल उघडताना 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' असा संदेश येतो. त्रुटी क्रमांक ३३४३.
- डेटाबेस 'इनकन्सिस्टंट स्टेट'मध्ये आहे, दुरुस्त करू का, असं विचारलं जातं.
- एखाद्या ओळीच्या सगळ्या रकान्यांत हॅशच्या चिन्हासह 'डिलीटेड' किंवा 'एरर' दिसतं, आणि ती ओळ पुसताही येत नाही.
- ठराविक एका खातेदारावर गेलं की प्रोग्राम बंद पडतो. बाकीची खाती नीट उघडतात.
- एकच माणूस काम करत असताना 'तुम्ही आणि दुसरा वापरकर्ता एकाच वेळी बदल करताय' अशा अर्थाचा संदेश येतो. हा ३१९७.
- खाते क्रमांक टाकून शोधलं तर सापडत नाही, पण यादी खाली सरकवत गेलं की तेच खातं समोर दिसतं.
- नावानुसार यादी काढली की ८४० सभासद, क्रमांकानुसार काढली की ८३७.

शेवटची दोन लक्षणं सर्वांत घातक, कारण त्यात काम थांबत नाही. लोक आठवडाभर तसेच नोंदी करत राहतात, आणि आकडे जुळत नाहीत हे महिनाअखेरीला तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) काढताना कळतं. पडद्यावर एरर येऊन फाइल बंद पडली, तर निदान बिघाडाची वेळ तरी कळते.

सगळ्यात आधी कॉपी

दुरुस्ती नंतर. सगळ्यांना प्रोग्राम बंद करायला सांगा आणि बिघडलेली फाइल जशी आहे तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. नावात तारीख आणि 'मूळ' हा शब्द टाका, गुणधर्मांत जाऊन ती 'रीड ओन्ली' करा. पुढचं सगळं काम दुसऱ्या कॉपीवर करायचं.

यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. अ‍ॅक्सेसची दुरुस्ती म्हणजे वाचता येईल तेवढं नव्या फाइलमध्ये लिहायचं आणि जुनी फाइल बदलून टाकायची. जे वाचता आलं नाही ते तिथेच संपतं. एका संस्थेत मी पोचण्याआधी उत्साही कर्मचाऱ्याने मूळ फाइलवरच चार वेळा दुरुस्ती चालवली होती. पहिल्याच वेळी ठेवींच्या टेबलमधल्या काही ओळी गळाल्या असाव्यात, पण ताडून बघायला काहीच उरलं नव्हतं. छापील कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) होती म्हणून निभावलं. तीन दिवस बसून नोंदी पुन्हा घातल्या.

कॉपी होतानाच मध्ये अडकली, 'वाचता येत नाही' असा संदेश आला किंवा डिस्कमधून टकटक ऐकू आली, तर मामला फाइलचा नसून डिस्कचा आहे. संगणक बंद करा आणि खालचा 'कुठे थांबायचं' हा भाग आधी वाचा. अशा वेळी विंडोजमधली 'चेक डिस्क' ही तपासणी चालवू नका. ती डिस्कची रचना जुळवण्यासाठी लिहायला लागते, आणि त्या नादात तुमच्या फाइलचे तुकडे होऊ शकतात.

१. खरंच बिघाड आहे का?

मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं दिसू लागली की लोक घाबरतात. पण आपल्याकडच्या जुन्या डेटाबेसमध्ये मराठी बहुतेक वेळा युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणाऱ्या पद्धतीत) नसतं. श्रीलिपी किंवा सुरेख अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेलं असतं. त्यात साठवलेले संकेत इंग्रजी अक्षरांचेच असतात, फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. विंडोज नव्याने टाकलं, संगणक बदलला की फाँट जातो आणि सगळं 'करप्ट' दिसतं. जुन्या संगणकावरून तोच फाँट आणून बसवा, पाच मिनिटांत नावं परत दिसतील. इथे दुरुस्ती चालवायचं काहीच कारण नसतं.

२. लॉक फाइल

डेटाबेस उघडला की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एक छोटी फाइल तयार होते. जुन्या एमडीबी प्रकारासाठी तिचं शेपूट एलडीबी असतं, २००७ पासूनच्या एसीसीडीबीसाठी एलएसीसीडीबी. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप पुसली जाते. सगळ्यांनी बंद केल्यावरही ती दिसत असेल, तर एक तर कुणाच्या तरी संगणकावर प्रोग्राम मागे चालू आहे, किंवा कुणाचं तरी कनेक्शन मध्येच तुटलं आहे. ती नोटपॅडमध्ये उघडली तर संगणकांची नावं वाचता येतात. बाहेर पडलेल्यांचीही नावं त्यात राहतात, त्यामुळे तो पुरावा धरू नका. चौकशी कुठून सुरू करायची, एवढं त्यातून कळतं.

सगळे संगणक बंद करून पुन्हा चालू करा. तरीही लॉक फाइल राहिली तर ती पुसून डेटाबेस उघडून बघा. पुसताच येत नसेल तर त्या फोल्डरवरचे अधिकार तपासा. प्रत्येक वापरकर्त्याला तिथे फाइल तयार करायचा आणि पुसायचा, दोन्ही अधिकार लागतात. फक्त 'वाचा' अधिकार दिलेली ऑफिसं मी पाहिली आहेत. तिथे पहिला माणूस आत गेला की बाकीचे बाहेर, आणि सगळे म्हणतात डेटाबेस खराब झाला.

३. फाइल बिघडली की नेटवर्क?

कॉपी आपल्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेवा आणि तिथून उघडा. उघडताना शिफ्ट दाबून धरलं तर प्रोग्रामचे सुरुवातीचे फॉर्म टळतात आणि थेट टेबलं दिसतात. इथे सगळं नीट चाललं तर फाइल शाबूत आहे, दोष वायर, स्विच किंवा शेअर फोल्डरकडे शोधायचा. इथेही तीच एरर आली तरच पुढे जा. या एका तपासणीने कित्येकदा माझा अर्धा दिवस वाचलाय.

४. आकार आणि मोकळी जागा

अ‍ॅक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. फाइल तिथे पोचली की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'सारखे काहीही बोध न होणारे संदेश येतात. सभासदांचे फोटो आणि सह्यांचे नमुने थेट टेबलात साठवले असतील तर फाइल फार लवकर फुगते. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि टेबलात फक्त फाइलचा पत्ता लिहायचा, हा त्यावरचा कायमचा उपाय. डिस्कवर फाइलच्या दुप्पट तरी जागा मोकळी आहे ना, तेही आत्ताच बघा. पुढच्या पायरीत पूर्ण नवी फाइल लिहिली जाते.

५. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर

'डेटाबेस टूल्स'मधलं हे बटण सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे तेच पहिल्यांदा दाबतात. ते पाचव्या क्रमांकावर का, हे वर सांगितलंच आहे. कॉपीवर चालवा, नेटवर्कवरून चालवू नका. सूची (इंडेक्स, जिच्यावरून नोंदी झटकन शोधल्या जातात) बिघडली असेल, म्हणजे ते ८४० आणि ८३७ चं लक्षण असेल, तर बहुतेक वेळा याने काम होतं, कारण सूची नव्याने बांधल्या जातात.

झाल्यावर दोन गोष्टी न चुकता बघा. 'एमसिस-कॉम्पॅक्ट' अशी सुरुवात असलेलं एखादं नवं टेबल तयार झालंय का? झालं असेल तर कोणत्या टेबलमध्ये काय वाचता आलं नाही, याची नोंद त्यात असते. दुसरं, टेबलांची प्रायमरी की (प्रत्येक ओळीला वेगळा क्रमांक सक्तीचा करणारा रकाना) आणि टेबलांना एकमेकांशी जोडणारी नाती जागेवर आहेत का? एकाच क्रमांकाच्या दोन ओळी निघाल्या तर प्रायमरी की उडते, आणि तिच्यावर टेकलेली नातीही जातात. प्रोग्राम चालतो, पण एका खाते क्रमांकावर दोन खाती उघडायला आता कुणी अडवणारं नसतं.

६. नव्या रिकाम्या फाइलमध्ये आयात

दुरुस्तीने भागलं नाही तर नवी रिकामी फाइल करा आणि 'एक्स्टर्नल डेटा'मधून जुन्यातली टेबलं एकेक करून आणा. सगळी एकदम निवडू नका. एक टेबल अडकलं की सगळी खेप थांबते, आणि दोषी कोण ते कळत नाही. एकेक आणलं की चौदा टेबलं शाबूत आहेत आणि पंधरावंच बिघडलंय, हे स्पष्ट होतं. कागदावर यादी करा, प्रत्येकापुढे ओळींची संख्या लिहा.

फॉर्म आणि अहवाल बिघडले असतील तर त्यांच्यावर वेळ घालवू नका. प्रोग्रामची जुनी कॉपी कुठल्या तरी संगणकावर नक्की असते. ती वापरा. जुन्या कॉपीत मिळत नाही तो डेटा, म्हणून सगळा वेळ टेबलांना द्या.

७. बिघडलेली ओळ शोधणं

माझ्या अनुभवात शेवटी जे टेबल अडतं, त्यात शेऱ्याचा रकाना असतो. याचं कारण साठवणीत आहे. लांबलचक मजकुराचा रकाना, ज्याला पूर्वी 'मेमो' म्हणत, ओळीबरोबर साठवला जात नाही. मजकूर फाइलमध्ये दुसरीकडे ठेवला जातो आणि ओळीत फक्त त्याचा पत्ता असतो. लिहिता लिहिता वीज गेली की पत्ता एकीकडे आणि मजकूर भलतीकडे अशी अवस्था होते. पत्ता चुकीचा, म्हणून ३१९७ येतो, म्हणून त्या एकाच खातेदारावर प्रोग्राम बंद पडतो.

उपाय चिकाटीचा आहे, अवघड नाही. अपेंड क्वेरी (एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात घालणारी आज्ञा) करून खाते क्रमांक १ ते ५०० नव्या टेबलात न्या. गेले तर ५०१ ते १०००. अडलं तर तो गट निम्मा करा, पुन्हा निम्मा. आठ-नऊ फेऱ्यांत नेमकी ओळ सापडते. मग तीच ओळ शेऱ्याचा रकाना वगळून न्या. बहुतेक वेळा नाव, रक्कम, तारीख सगळं येतं, जातो तो फक्त शेरा. तो कागदावरून पुन्हा टंकता येतो.

आकडे जुळल्याशिवाय 'झालं' म्हणू नका

फाइल उघडली की ऑफिसात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि लगेच काउंटर सुरू करायची घाई होते. तेव्हा मी हट्टाने अर्धा तास मागून घेतो. शेवटची छापील तेरीज घ्या. नव्या फाइलमधून त्याच तारखेची तेरीज काढा आणि खातेवार ताडा. मग त्या तारखेपासून आजपर्यंतची कीर्द दिवसागणिक बघा, अखेरच्या शिलकेवर विशेष लक्ष द्या. खात्यांची संख्या, ठेवींची बेरीज, कर्जांची बेरीज, तिन्ही जुळायला हव्यात. फरक निघाला तर तो कोणत्या दिवशी सुरू झाला ते शोधा आणि तिथून पुढे नोंदी घाला. या पैशात कुणाची निवृत्तीची पुंजी असते, कुणाची मुलीच्या लग्नासाठीची ठेव. 'साधारण जुळतंय' हा शब्द इथे चालत नाही.

कुठे थांबायचं

पुढच्या परिस्थितीत स्वतः काही करू नका, जाणकाराला बोलवा.

डिस्क आवाज करतेय, कॉपी अडतेय, किंवा विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहीत 'बॅड ब्लॉक'च्या नोंदी आहेत. संगणक बंद ठेवा. प्रत्येक वेळी चालू करताना परत मिळण्याची शक्यता घटते. हे काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं आहे, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचं नाही.

कॉपीवर दुरुस्ती आणि आयात, दोन्ही करूनही ३३४३ कायम आहे. बहुधा फाइलचं पहिलं पानच गेलंय. सगळी माहिती त्या पानावरून वाचायला सुरुवात होते, आणि ते हाताने जोडणं हे वेगळं कौशल्य आहे.

फाइलींची शेपटं बदललीत आणि पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर आहे. हा बिघाड नव्हे, हल्ला आहे. नेटवर्कची वायर काढा, बॅकअपची डिस्क चुकूनही जोडू नका, पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय, तेव्हा तुमच्या संस्थेला ते लागू आहे का, हे त्याच दिवशी विचारून घ्या.

आणि मार्चअखेर किंवा लेखापरीक्षण तोंडावर असेल, बॅकअप नसेल आणि फाइल एकच असेल, तर पहिली कॉपी काढून झाल्यावर लगेच थांबा.

बाहेरच्या माणसाला फाइल देताना गोपनीयतेची लेखी हमी घ्या आणि काम झाल्यावर त्याच्याकडची कॉपी पुसल्याचंही लिहून घ्या. त्यात सभासदांचे आधार आणि पॅन क्रमांक असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो. 'फुकटात दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर फाइल चढवणं म्हणजे सगळी खातेवही चौकात ठेवण्यासारखं आहे.

पुन्हा का होतं?

फाइल दुरुस्त झाली आणि महिन्याभरात परत तोच फोन आला, म्हणजे कारण तसंच राहिलंय. मला वारंवार सापडलेली कारणं अशी.

स्विचला बॅटरी नाही. संगणकांना इन्व्हर्टर असतो, पण सगळ्यांना जोडणारा तो छोटा नेटवर्क स्विच साध्या बोर्डावर असतो. वीज क्षणभर गेली की संगणक चालू राहतात आणि मधला दुवा तुटतो. त्या क्षणी कुणी नोंद सेव्ह करत असेल तर अर्धी नोंद फाइलमध्ये पडते. एका ऑफिसात मी बिघाडांची वही ठेवायला लावली होती. तारीख, वेळ, कुठला संगणक. दोन महिन्यांनी पाहिलं तर बहुतेक नोंदी दुपारी दीडच्या आसपासच्या. जेवायला जाताना दिवे-पंखे बंद करायचे म्हणून बोर्डाचं मुख्य बटण खाली केलं जायचं, आणि स्विचचा अडॅप्टर त्याच बोर्डात होता. अडॅप्टर यूपीएसवर नेला, तेव्हापासून तिथून या कामासाठी फोन नाही. घरगुती इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण 'यूपीएस'कडे आहे का तेही बघा. 'नॉर्मल'वर असेल तर वीज जाऊन बॅटरी सुरू होण्याच्या क्षणी संगणक रीस्टार्ट होऊ शकतो.

वायफाय. अ‍ॅक्सेसची सामायिक फाइल वायफायवरून वापरायची नाही. लॅपटॉपलाही वायर लावा.

ज्या संगणकावर फाइल आहे तो झोपतो. स्लीप बंद करा, आणि नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांतलं वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याचं टिकही काढा.

फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये आहे. ही सेवा उघड्या डेटाबेसची मध्येच कॉपी घेते, दोन संगणकांवर दोन आवृत्त्या होतात. डेटाबेस तिथून लगेच हलवा.

सगळे एकच फाइल उघडतात. डेटाबेसचे दोन भाग करा. टेबलं सामायिक फोल्डरमध्ये, आणि फॉर्म-अहवालांची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी. अ‍ॅक्सेसमध्येच त्यासाठी स्प्लिटर आहे. यामुळे एकाचा प्रोग्राम कोसळला तरी बाकीच्यांचे फॉर्म सुरक्षित राहतात.

'इनकन्सिस्टंट स्टेट' सतत येत असेल आणि वरचं काहीच लागू नसेल, तर २०१८ च्या विंडोज १० अपडेटनंतर पुढे आलेला प्रश्न तपासा. फाइल शेअर करणाऱ्या विंडोजची 'लीजिंग' ही सुविधा त्यामागे असते, आणि फाइल असलेल्या संगणकावर ती बंद करायचा मार्ग मायक्रोसॉफ्टनेच दिला होता. हे रजिस्ट्रीचं, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगचं काम आहे, सवय नसेल तर करू नका.

बॅकअप

रोज संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावर, लॉक फाइल नाही याची खात्री करून कॉपी घ्या. उघड्या फाइलची कॉपी अर्धवट असू शकते. नावात तारीख हवी. कालच्यावर आजची चढवली आणि आजची आधीच बिघडलेली असेल, तर चांगली कॉपी तुम्ही स्वतःच पुसलेली असते. शेवटच्या ३० दिवसांच्या रोजच्या, आणि प्रत्येक महिनाअखेरीची एक कायमची. दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक ऑफिसच्या इमारतीबाहेर, पासवर्डने कुलूपबंद. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सांगली-कोल्हापुरात काय केलं ते आपण पाहिलंय. संगणक आणि बॅकअप एकाच टेबलाच्या खणात असतील तर दोन्ही पाण्यात जातात.

महिन्यातून एकदा त्यातली एखादी कॉपी दुसऱ्या संगणकावर उघडा, तिच्यातून तेरीज काढा आणि छापील तेरजेशी ताडा. हे काम हिशेबनिसाकडे द्या, संगणकवाल्याकडे नको, कारण आकडा चुकलेला पहिल्यांदा त्यांच्याच नजरेत भरतो. ताडल्याची तारीख आणि सही त्या बिघाडांच्या वहीतच करायची.